बालाघाटाच्या वाटेवरील चाकें

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याची दृष्टि बहुधा देवालयांचे कळस, किल्ल्यांचे बुरूज आणि नदीचे घाट यांवर खिळलेली असते. ज्या चाकांवर बसून आपण तेथवर जातों, त्यांच्याकडे वांकून पाहण्याचें कोणास सुचत नाहीं. बीड जिल्हा मात्र असा आहे कीं, तेथें हिंवाळ्यांत जाऊन ज्यानें चाकांकडे पाहिलें नाहीं, त्यानें तो जिल्हाच पाहिला नाहीं असें म्हणावें लागेल. परळीचा वैद्यनाथ, अंबेजोगाईची योगेश्वरी, आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आणि बीडचें जलवेष्टित कंकालेश्वर मंदिर यांचीं वर्णनें वाचकांनीं पूर्वीं पुष्कळ वाचलीं असतील. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत बीडहून वडवणी, तेलगांव, धारूर व केज या मार्गानें अंबेजोगाईस जातांना जें दिसलें, त्यांतील चाकांपुरताच वृत्तांत येथें सादर करीत आहें.

प्रथम भूमीची ओळख करून घेतली पाहिजे. बालाघाटाच्या डोंगररांगेनें या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरी व सिंदफणा यांच्या खोऱ्यांतील काळी, कसदार जमीन. दक्षिणेस व पश्चिमेस माळरानाचें, मुरमाड व पाण्यास महाग असें पठार. पाटोदा तालुक्यांत मांजरा नदी उगम पावते खरी. पण तिच्या उगमाजवळच्या गांवांस तिच्या पाण्याचा लाभ थोडाच. या डोंगरउतारांवर सीताफळ मात्र फार गोड येतें, आणि २०१६ सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळालें. जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ त द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. आगगाडी बीड शहरांत पोंचावयास तर २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. तोंपर्यंत तिचें दर्शन मुख्यतः परळीच्या बाजूस होई. अशा मुलखांत माणसाचें जिणें रस्त्यावरील चाकाशीं बांधलेलें असावें, यांत नवल कसलें?

या बांधिलकीचें खरें स्वरूप दसरा उलटल्यावर दृष्टीस पडतें. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई या तालुक्यांतून ऊंसतोडीसाठीं बाहेर पडणारीं माणसें लाखांनीं मोजावीं लागतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी सातारा-पुण्याकडे, कोणी अहिल्यानगराकडे, तर कोणी थेट बेळगांवच्या बाजूस जातात. नवराबायकोच्या जोडीस या व्यवसायांत 'कोयता' म्हणतात. हत्याराचें नांव माणसास पडावें, एवढ्यावरून त्या श्रमांची कल्पना करावी! मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेस 'उचल' म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत ऊंस तोडावयाचा असतो. कोणी मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकांत भरतात. कोणी स्वतःचे बैल घेऊन जातात व गाडी हांकतात. हे जे गाडीवान, त्यांचें वर्षाचें गणित बैलाच्या मानेवर व गाडीच्या चाकावर उभें असतें. चाक कोणतें घ्यावें, हा आपल्यास क्षुल्लक वाटणारा प्रश्न त्यांच्या घरीं लग्नकार्याइतक्या गांभीर्यानें चर्चिला जातो.

आमचे पूर्वज चाकाकडे किती बारकाईनें पाहात, हें संस्कृत भाषेच्या शब्दभांडारावरून कळतें. मध्यभागीं नाभि, तीपासून निघालेले अर, कडेची नेमि अथवा प्रधि, मधून जाणारा अक्ष, आणि चाक निसटूं नये म्हणून अक्षाच्या टोंकास घातलेली आणि, अशीं प्रत्येक अवयवास स्वतंत्र नांवें आहेत. ऋग्वेदांत संवत्सरास बारा अरांच्या चाकाची उपमा दिली आहे. कालिदासानें मेघदूतांत सुखदुःखांच्या फेऱ्याचें वर्णन केलें, तेंही चाकाच्या नेमीच्या दृष्टांतानेंच. आमच्या सुताराची भाषा याहून दरिद्री नाहीं. तो नाभीस तुंबा म्हणतो, अरास आरा, कडेच्या वक्र लांकडी तुकड्यांस पुठ्ठे, आणि त्यांवर चढविलेल्या लोखंडी पट्ट्यास धांव.

वडवणीच्या अलीकडे एका खेड्यांत असा एक वृद्ध सुतार भेटला. त्याच्या अंगणांत दोन जुनीं चाकें चिंचेच्या बुंध्यास टेंकून ठेवलेलीं होतीं. बहुधा बारा आरे व सहा पुठ्ठे, म्हणजे एकेका पुठ्ठ्यांत दोन दोन आरे, अशी चाकाची रचना असते. लांकूड बाभळीचें, कारण तें चिवट असून धक्क्यानें चटकन फुटत नाहीं. धांव चढविण्याचा विधि त्यानें हातवारे करून समजाविला. पट्ट्याचें कडें चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान ठेवावयाचें; गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटींत तें लालबुंद करावयाचें; तापून फुगलें कीं सांडशीनें उचलून चाकावर बसवावयाचें आणि लागलीच पाणी ओतावयाचें. लोखंड आकसतें, आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांस असें आवळून धरतें कीं खिळ्याचीही गरज फारशी उरत नाहीं. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हें आम्ही वर्गांत धातूची गोळी व कडें घेऊन शिकवीत होतों. त्याच सिद्धान्तावर गांवोगांवीं पिढ्यानुपिढ्या गाड्या धांवत आल्या.

परंतु हिंवाळ्यांत या चाकाची परीक्षा असते. पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगलेलें लांकूड मार्गशीर्ष-पौषाच्या कोरड्या वाऱ्यांत सुकूं लागतें, पुठ्ठ्यांचे सांधे उघडतात, आणि धांव सैल होऊन खडखडूं लागते. यावर उपाय म्हणून गाडीवान ओढ्याच्या डोहांत रात्रभर चाकें बुडवून ठेवीत. सुतार म्हणाला, "गुर्जी, लाकडाचं चाक आधीं वरडतं, मग मोडतं. वरडल्यालं ज्याला ऐकूं येतं, त्याची गाडी वाटंत पडत न्हाई." मीं त्यास शेवटचें नवें चाक केव्हां केलें तें विचारलें. त्यानें बोटांवर वर्षें मोजण्याचा प्रयत्न केला, आणि मध्येंच सोडून दिला. आतां त्याच्याकडे चौकटी-दरवाजे येतात. चाक येत नाहीं.

चाक कां येत नाहीं, याचें उत्तर तेलगांवच्या साखर कारखान्याजवळ मिळतें. तेथें ऊंसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि तींत लोखंडी धांवेची गाडी औषधासही सांपडत नाहीं. सगळ्या रबरी टायरांच्या. या रबराचा इतिहास मनोरंजक आहे. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन नामक स्कॉटिश गृहस्थानें १८४५ त पेटंट करून ठेविली होती. पण ती त्या काळीं रुजली नाहीं. पुढें १८८८ त बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचें रबर तयार केलें, आणि मग तें जगभर पसरलें. जनावरांच्या वैद्याच्या हातून निघालेली युक्ति शेवटीं बैलांच्याच कामीं यावी, हा एक सुखद योगायोग होय. डनलॉपचा कारखाना बंगालमध्यें हुगळीकांठीं साहागंज येथें १९३६ त निघाला, आणि कित्येक ठिकाणीं रबरी चाकांच्या गाडीस लोक 'डनलॉप गाडी' म्हणूं लागले. आपल्याकडे 'टायरगाडी' हें नांव रूढ आहे.

रस्त्यांचे कारभारी या बदलाची वाट कधींचे पाहात होते. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ त नेमलेल्या रस्तेसुधारणा समितीनें १९२८ त अहवाल दिला, व १९३४ त भारतीय रस्ते परिषद स्थापन झाली. त्या काळच्या इंजिनियरांचें एक मोठें दुखणें म्हणजे गाडीची धांव. दोन-अडीच इंच रुंदीच्या लोखंडावर सगळा भार येई, आणि खडीचा रस्ता सुरीनें कापल्याप्रमाणें चिरला जाई. हवेच्या रबरानें तोच भार रुंद जागेवर पसरविला. रस्ता वांचला, हादरे कमी झाले, आणि डांबरी सडकेवर तेंच ओझें ओढावयास बैलास कमी जोर पुरूं लागला. ऊंसाच्या फडांत तर याचा लाभ विशेषच. पाणी दिलेल्या काळ्या रानांत अरुंद धांव जेथें रुततें, तेथें रुंद टायर पुष्कळ वेळां वरून तरून जातें.

येथवर सर्व ठीक झालें. पण प्रत्येक सुधारणेच्या हिशेबाची एक दुसरी बाजू असते. ती मला कारखान्याच्या वजनकांट्यापाशीं एका गाडीवानानें समजाविली. त्याच्या गाडीवर अडीच टनांच्या वर ऊंस होता. मीं विचारलें, "लाकडी चाकांवर एवढा घालीत होतां काय?" तो म्हणाला, "छ्या! निम्मासुद्धां न्हाई. बैल जाग्यावर बसला असता." म्हणजे रबरानें बैलाचे जे श्रम वांचविले, ते बैलास मिळाले नाहींत, ते ओझ्यास मिळाले. मी गाडीवानास दोष देत नाहीं. मजुरी टनांवर, उचल डोक्यावर, आणि बहुधा गाडी कारखान्याची भाड्यानें घेतलेली. मग खेपेगणिक दोन मोळ्या अधिक रचण्याचा मोह त्यानें कसा आवरावा? ज्याच्या पोरांचें वर्षाचें धान्य त्या मोळ्यांवर आहे, त्यास भूतदयेचा पाठ शिकविणें सोपें आहे. तो पाठ त्यास परवडेल अशी मजुरी देणें अवघड आहे.

या बाबतींत कायदा नाहीं असें नव्हे. ओझ्याच्या जनावरांविषयीं १९६५ सालीं केंद्र सरकारनें नियम केले, आणि त्यांत चाकांच्या प्रकाराप्रमाणें भाराच्या मर्यादा ठरविल्या. लहान चणीच्या बैलाच्या दुचाकी गाडीस हवेचें रबर नसेल तर ५०० किलोग्रॅम, असेल तर ७५०, आणि चाकांत गोळ्यांचें बेअरिंग असेल तर १०००, असें तें प्रमाण आहे. आणि यांत गाडीचें स्वतःचें वजनही धरावयाचें असतें. लांबचा व तीव्र चढ असेल तर मर्यादा निम्म्यावर येते. नियम करणाऱ्यानें चाकाचा विचार किती नीट केला होता, हें यावरून दिसतें. परंतु वजनकांट्यावर ऊंसाच्या वजनाचा हिशेब होतो, मानेवरील घट्ट्यांचा होत नाहीं.

तेलगांव सोडून धारूरकडे निघालें कीं बालाघाटाचा चढ लागतो. धारूरचा घाट अरुंद, वळणांचा आणि अपघातांबद्दल ख्यात आहे. वर गांवाजवळ जुना किल्ला आहे. पण मोटार हांकणाऱ्याचें चित्त त्याकडे जाण्याची सोय नाहीं. घाटांत चढापेक्षां उतार कठीण, हें अनुभवी गाडीवानाचें मत. लोखंडी धांव स्वतःच्या घर्षणानें थोडी अडत अडत उतरे. रबरी चाक बेअरिंगवर फिरणारें. त्यास सपाटीवर ओढणें जितकें सोपें, तितकेंच उतारावर आंवरणें अवघड. मागील सगळें ओझें जुवांतून बैलांच्या मानेवर येतें, पुढचे पाय रेटून ते गाडी थोपवूं पाहतात, आणि डांबरावर खूर सरकतो. त्या गाडीवानाचें एक वाक्य माझ्या मनांत बसलें आहे: "सपाटीला टायर बैलाचा मैतर, उताराला वैरी." म्हणून शहाणे लोक घाटांत ओझें घेऊन बैल घालीतच नाहींत, रिकाम्या टायरगाड्या एकामागें एक जोडून ट्रॅक्टरच्या मागें नेतात, आणि बैल वेगळ्या वाहनानें.

आणखी एक गंमत अशी कीं, ज्या बाभळीनें जुनें चाक घडविलें, तीच बाभूळ नव्या चाकाची शत्रु झाली आहे. शेताच्या बांधावरचा एक कांटा टायरांत गेला कीं भरली गाडी वाटेंत बसते. म्हणून टायर निवडतांना गाडीवान त्याच्या कडा वांकवून पाहतात, तळव्याची जाडी अंगठ्यानें चांचपतात, आणि ट्रकाचें जुनें टायर घ्यावयाचें तर त्यास भेगा पडल्या आहेत काय हें उन्हांत धरून तपासतात. ही तपासणी आपल्या मोटारवाल्या मंडळींनीं शिकण्यासारखी आहे.

माझा एक पुतण्या कॅनडांत माँट्रियल येथें राहतो. या प्रवासांत मोटार तोच हांकीत होता. त्यानें सांगितलें कीं, त्यांच्या क्यूबेक प्रांतांत हिंवाळी टायर लावणें २००८ पासून कायद्यानेंच सक्तीचें असून, सांप्रत ती मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. साधें रबर सुमारें ७ अंशांखालीं ताठर होऊं लागतें व रस्त्यास धरीत नाहीं. हिंवाळी टायराचें रबर थंडींतही मऊ राहतें, आणि त्यावरील असंख्य बारीक चिरा बर्फास पकडतात. असें पहिलें टायर फिनलंडांत १९३४ त निघालें. तेथील घरोघरीं टायरांचे दोन संच असतात, जसे आपल्याकडे पूर्वीं देवघरांत सोंवळ्याचे व घरांत ओंवळ्याचे वेगळे असत! आपल्याकडे त्या टायरांचें प्रयोजन नाहीं. बीडच्या पठारावर पहांटे थंडी झोंबते खरी, पण पारा क्वचितच तितका उतरतो, आणि दुपारीं तर तो तिसाच्या आसपास असतो. अशा उन्हांत तें मऊ रबर लवकर झिजून जाईल. देश, काल आणि पात्र पाहून दान करावें असें म्हणतात. चाकाचेंही तसेंच आहे.

तथापि हिंवाळ्यांत या बाजूस मोटारीनें जाणाऱ्या कुटुंबांस दोनचार गोष्टी सुचविणें अप्रस्तुत होणार नाहीं. टायरांतील हवा पहांटे, गाडी निघण्यापूर्वीं मोजावी. कारण तापमान दहा अंशांनीं उतरलें कीं दाब दीड-दोन पौंडांनीं उतरतो, आणि गाडी धांवून तापल्यावर मोजलें तर ती उणीव झांकून जाते. टायराच्या खांचांची खोली कायद्यानें निदान १.६ मिलिमीटर हवी. पण घाटाची वाट असेल तर तेवढ्यावर विसंबूं नये. टायराच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात; त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. ३५२२ असें असेल, तर तें टायर २०२२ च्या पसतिसाव्या आठवड्यांतलें. वरून नवें दिसणारें टायर पुष्कळ वर्षें पडून असेल, तर त्याचें रबर म्हातारें झालेलें असतें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, संध्याकाळनंतर वेग आवरावा. रस्त्यावर ऊंसाचें पाचट व चिपाडें सांडलेलीं असतात, दंव पडल्यावर तीं निसरडीं होतात, आणि पुढच्या वळणावर दिवा नसलेली, ऊंसानें दोन्ही अंगांस फुगलेली गाडी केव्हां समोर येईल याचा नेम नसतो. त्या गाडीच्या मागें एखादी चमकणारी पट्टी चिकटविलेली असली, तर आपल्या दिव्यांत तीच काय ती लकाके. त्या ढिगाऱ्यावर बहुधा एखादी बाई मूल पोटाशीं धरून झोंपलेली असते, हें विसरूं नये.

बैलाच्या मानेचा प्रश्न सुटण्यासारखा नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बैलगाडी हा अभ्यासाचा विषय केला. उच्च शिक्षणाच्या पीठावरील मनुष्य जूं, धुरी आणि चाक यांच्या सुधारणेवर बोलूं लागला, ही मोठीच गोष्ट होती. पुढें २०२२ त सांगली जिल्ह्यांतील राजारामनगर येथील राजारामबापू तंत्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं ऊंसाच्या गाडीस जुवाखालीं एक तिसरें लहान चाक बसवून दाखविलें, आणि त्यास 'सारथी' असें नांव दिलें. पुढचा भार मानेऐवजीं त्या चाकानें घ्यावा, एवढीच साधी कल्पना. हजारों वर्षें दोन चाकांच्या गाडीनें जें बैलाच्या खांद्यावर टाकलें होतें, तें उचलण्यास एक वीतभर रुंदीचें चाक पुरावें, हें पाहून मन प्रसन्न झालें. बालाघाटांतील गाडीवानाच्या दारीं तें अद्याप मला दिसलें नाहीं. ज्या कारखान्याच्या दारांत तो आपले बैल झिजवितो, त्यानेंच तें भाड्याच्या गाडीबरोबर बसवून द्यावें, हें मला न्याय्य वाटतें.

इकडे बैलांचे दिवसही सरत चालले आहेत. लहान ट्रॅक्टर टायरगाड्या ओढूं लागले आहेत, आणि कांहीं फडांत तोडणीचीं यंत्रें उतरलीं आहेत. बैलाची मान मोकळी होईल हें चांगलेंच. पण ज्याच्यापाशीं बैलजोडीखेरीज भांडवल नाहीं, त्या गाडीवानाच्या मानेवर त्याच वेळीं कोणतें ओझें येईल, याचा विचार करणारें कोणी हवें. ऊंसतोड कामगारांच्या मुलांनीं गांवांतच राहून शिकावें, यासाठीं शासनानें २०२१ पासून संत भगवानबाबा यांच्या नांवानें वसतिगृहांची योजना आंखली आहे. माझ्या मतें या जिल्ह्यास लागणारें खरें तिसरें चाक तें होय. आईबापांच्या गाडीवर बसून ज्या मुलाचे दसरा ते पाडवा हे सहा महिने शाळेबाहेर जातात, त्याच्या बुद्धीस सरकार, समाज आणि शेजारी या तिघांनीं मिळून टेंकू दिला पाहिजे.

केजवरून पुढें गेल्यावर दोहों बाजूंस शाळूचीं रानें लागतात. कणसें भरावयास लागलेलीं होतीं, आणि जागोजाग हुरड्याच्या आगट्यांचा वास येत होता. पिकांत राखणीस बहुतेक म्हातारीं माणसें. तरणीं सगळीं चाकांवर बसून दूर गेलेलीं. अशा एका बांधावरील आजोबांस मीं विचारलें, "मुलें केव्हां परत येतात?" ते म्हणाले, "चाकं फिरली कीं येत्यात. अक्षय्य तृतीयेच्या आंत-बाहेर." अंबेजोगाईच्या देवीपुढें उभें राहून मीं जें मागितलें, त्यांत त्या फिरणाऱ्या चाकांचा योगक्षेम प्रथम होता. वाचकांपैकीं जे या हिंवाळ्यांत त्या वाटेनें जातील, त्यांनीं समोरून येणाऱ्या टायरगाडीस आपल्या गाडीचा दिवा खालीं करून वाट द्यावी, एवढीच विनंती आहे.